आधी हिरडीचा कागद दाखवा

जबलपूरच्या मदनमहल स्टेशनातून बाहेर पडून राइट टाऊनमधून गोलबाजारकडे चालत निघालात, तर दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या वाचण्यातच वाट सरते. माझ्या लहानपणी अशा पाटीवर एक कवळी रंगवलेली असायची आणि खाली लिहिलेलं असायचं, ‘यहाँ बिना दर्द दाँत निकाले जाते हैं’. आता कवळीच्या जागी चकचकीत स्क्रू आलाय. ‘तीन दिन में पक्के दाँत’, ‘आसान किश्तों में इम्प्लांट’, आणि परवा एक नवीनच वाचली, ‘पायरिया का परमानेंट इलाज’, शेजारी पुन्हा तोच स्क्रू. पायरिया हा हिरडीचा आजार. त्याच्यावर कायमचा उपाय म्हणून दातच उपटायचे आणि त्याच आजारी जबड्यात स्क्रू पिळायचे! हा इलाज झाला की पुरावा नष्ट करणं झालं?

इम्प्लांटवर माझा राग नाही. माझ्या स्वतःच्या तोंडात एक आहे आणि तो उत्तम चाललाय. पण हिरड्या मोजल्याशिवाय कुणाचा दात काढू नये, हिरड्या ताळ्यावर आल्याशिवाय स्क्रू घालू नये, आणि ते मोजमाप लेखी स्वरूपात पेशंटच्या हातात पडावं, असं माझं ठाम मत आहे. तसं ते पडत नाही. माझ्या ओळखीतल्या, दातांवर लाखाच्या वर खर्च केलेल्या किती जणांना मी विचारलं. एक्स-रे सगळ्यांकडे आहे, बिल सगळ्यांकडे आहे. हिरडीचा कागद एकाकडेही नाही.

कागदाचा हट्ट नोकरीतून आलाय. माझी सगळी नोकरी जीसीएफमध्ये, म्हणजे इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत गेली. कारखाना १९०४ सालचा. एप्रिल २०१९मध्ये ‘धनुष’ तोफांची पहिली खेप सैन्याला सुपूर्द झाली ती याच कारखान्यातून. जबलपुरातली काही मराठी घरं भोसल्यांच्या काळापासूनची, काही रेल्वेबरोबर आलेली. आमचं घर कारखान्याबरोबर आलेलं. आजोबा फिटर होते, मी गुणवत्ता तपासणीत. तपासणीची चिठ्ठी लागल्याशिवाय साधी पिनसुद्धा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत नसे. कारागीर कितीही जुना असो, ‘अरे साहब, हाथ का अंदाजा है’ म्हणो, आम्ही गेज लावूनच बघायचो. या सवयीमुळे लोक मला तिरसट म्हणतात. म्हणोत.

तर माझं तोंड. ब्रश करताना रक्त यायचं, थुंकलं की बेसिनमध्ये गुलाबी. खालचे पुढचे दात लांब झाल्यासारखे दिसायला लागले. पावसाळ्यात भुट्टा खाल्ला की काड्यांशिवाय सुटका नाही. उजवीकडची एक दाढ जिभेने हलवता यायची. दुखत मात्र काहीच नव्हतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एका मोठ्या, थंडगार दवाखान्यात गेलो. तो कुठला ते महत्त्वाचं नाही. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे निघाला, तो भिंतीवरच्या पडद्यावर लागला आणि पुढच्या दहा मिनिटांत माझ्यासमोर योजना तयार. चार दात काढायचे, तीन स्क्रू, वर ब्रिज, बारा महिन्यांचे हप्ते. हप्ते समजावून सांगायला वेगळी मुलगी होती आणि ती फार छान बोलत होती. दातांना हात लागला तो आरसा धरण्यापुरता. हिरडीत कुणी काहीही घालून पाहिलं नाही.

दुसरीकडे गेलो ते वहिनींच्या सांगण्यावरून. या डॉक्टरीणबाई हिरड्यांच्या तज्ज्ञ, नागपुरात शिकलेल्या, त्यामुळे ‘काका, आ करा’ असं मराठीतच सुरू झालं. त्यांनी ट्रेमधून एक बारीक सळई उचलली. टोक बोथट, त्यावर काळ्या रेघा. मी खुर्चीत अर्धवट उठून ती बघायला मागितली. गेज दिसलं की मला राहवत नाही. रेघा मिलिमीटरच्या होत्या. एक, दोन, तीन, मग एकदम पाच, मग सात, आठ, नऊ, दहा. चारची आणि सहाची रेघ गायब. ‘ही छापायची राहिली का?’ म्हणून विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘मुद्दाम गाळल्यात. रिकामी जागा दिसली की रेघा न मोजता आकडा कळतो. याला विल्यम्स प्रोब म्हणतात.’ ज्याने कुणी ही युक्ती काढली तो माणूस आमच्या सेक्शनमध्ये शोभला असता.

मग त्यांनी प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी, बाहेरून तीन आणि आतून तीन, ती सळई हलकेच हिरडीच्या कडेतून आत सोडली आणि आकडे बोलत गेल्या. सहायक मुलगी लिहीत गेली. ‘तीन, दोन, तीन. तीन, चार, रक्त. पाच, चार, सात, रक्त.’ निरोगी हिरडीत सळई एक ते तीन मिलिमीटर जाते. सातला गेली याचा अर्थ दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल खिसा झालाय, आणि त्या खिशाच्या तळाशी हाड खचलंय. वीस-पंचवीस मिनिटांत माझ्या तोंडाचा पूर्ण नकाशा तयार झाला. त्यात कुठला दात टिकेल, कुठल्याचा भरवसा नाही, हे मला, म्हणजे दातांतलं काही न कळणाऱ्या माणसाला, बोट ठेवून दाखवता येत होतं. पहिल्या दवाखान्याने काढायला सांगितलेल्या चार दातांपैकी एकाचीच अवस्था खरी वाईट होती.

हा आजार कसा चालतो ते थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांना तो ‘उष्णता’ वाटतो. दातावर जंतूंचा चिकट थर रोज बसतो. तो ब्रशने निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी घट्ट होतो. हेच किटण. हिरडीच्या आत किटण उतरलं की शरीर त्याच्याशी लढायला लागतं आणि त्या लढाईत दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड हळूहळू जातात. गेलेलं हाड सहसा परत भरून येत नाही. ठणका लागत नाही म्हणून माणूस जात नाही, आणि जातो तेव्हा दात हलायला लागलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालात जगातल्या सुमारे शंभर कोटी लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार असल्याचा अंदाज दिलाय. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. माझी साखर वरच होती. ती आधी खाली आणा, असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं.

तंबाखूचं एक कपट मला तिथेच कळलं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं. निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे धोक्याची खूणच दिसत नाही आणि आतून हाड मात्र इतरांपेक्षा भराभर जातं. जबलपूर हे बिडीच्या धंद्यावर वाढलेलं शहर आहे. फॅक्टरीच्या गेटवर शिफ्ट सुटली की पहिलं पेटायचं ते बिडीचं टोक. ‘आपले दात बघा, रक्ताचा थेंब नाही’ असं छातीठोक सांगणारे माझे किती सहकारी साठीच्या आत कवळीवर आले! घराघरांतली मशेरी आणि इकडचा गुडाखू हे तर दात घासण्याच्या नावाखालीच तोंडात जातात. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केलीय, आणि गुटख्यावर देशात सर्वांत आधी, एप्रिल २०१२पासून, बंदी घातली ती आमच्याच मध्य प्रदेशाने. आता टपरीवर मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते. मिसळण्याचं काम गिऱ्हाइकाकडे.

उपचार म्हणाल तर त्यात दाखवण्यासारखं काही नाही, आणि गोची इथेच आहे. जागा बधिर करून एकेका बाजूचं किटण आधी कंप पावणाऱ्या, पाणी उडवणाऱ्या यंत्राने फोडलं. मग हाताच्या बाकदार अवजारांनी मुळाचा पृष्ठभाग खरवडून गुळगुळीत केला. दाताच्या मुळावरून अवजार फिरताना खरखर ऐकू येते आणि ती खरखर थांबली की काम झालं, हे मला कानानेच कळायला लागलं. काही आठवडे जाऊ दिले आणि मग तीच सळई, तेच सहा आकडे. सातचा चार झाला होता, पाचांचे तीन झाले होते. एका जागी आकडा हलला नाही, तिथे हिरडी उघडून साफ करावी लागली. त्यानंतर दर तीन महिन्यांनी बोलावणं, आणि रोज रात्री दातांच्या फटीत फिरवायचे छोटे ब्रश. ते इथल्या मेडिकलवाल्याला समजावून सांगता सांगता माझा घसा बसला.

साफ केल्यावर दात झिणझिणतात, फटी दिसायला लागतात. सूज उतरली आणि किटणाचा लेप निघाला की जे मोकळं होतं ते दिसणारच. पण लोक म्हणतात, ‘सफाई केली आणि दात सैल झाले.’ आमच्या गल्लीत हे ब्रह्मवाक्य आहे. किटणाने एकमेकांना चिकटून उभे असलेले दात मजबूत समजायचे आणि ते सोडवणाऱ्या डॉक्टरला दोष द्यायचा. सफाईचे हजार-दीड हजार सांगितले की ‘नुसत्या सफाईचे एवढे?’ म्हणून वाद घालणारा माणूस एका स्क्रूला पंचवीस-तीस हजार मात्र निमूट मोजतो, कारण स्क्रू हातात घेऊन बघता येतो. दवाखान्यांनी स्क्रूच विकायला काढला यात निम्मा वाटा आपला आहे, हे मी डॉक्टरांच्या बाजूने कबूल करतो. त्यांच्या डोक्यावर जागेचं भाडं आहे, स्कॅनच्या मशिनचं कर्ज आहे. हिरडीवर तासभर वाकून बसण्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसेल, तर तो तास ते कुठून काढणार?

जो एक दात गेला, तिथे मी इम्प्लांट बसवून घेतला. धातूत हयात गेलेल्या माणसाला ही वस्तू आवडल्याशिवाय राहणार नाही. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५०च्या दशकात सशाच्या हाडात टायटेनियमचा छोटा साचा बसवून आतला रक्तप्रवाह बघत होते. प्रयोग संपल्यावर साचा काढायला गेले तर निघेना. हाड धातूला जाऊन चिकटलं होतं. दुसरा कुणी असता तर महागडा साचा वाया गेला म्हणून कपाळाला हात लावून बसला असता. यांनी त्यातून १९६५मध्ये योस्ता लार्सन या माणसाच्या जबड्यात पहिले स्क्रू बसवले. लार्सन २००६मध्ये वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षं, ते काम देत होते. माझा स्क्रू बसवताना बाईंनी हातात टॉर्क रेंच घेतला आणि मी खूण करून आकडा विचारला. ३५ न्यूटन सेंटिमीटर. मग वरून टोपी लावून तीन-चार महिने हाड धरण्याची वाट. नोकरीत इतका निवांत मशिन बसवण्याचा कार्यक्रम मी पाहिला नाही.

पण याच धातूची एक उणीव आहे आणि ती पाट्यांवर नसते. खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो, मधे तंतूंची बारीक गादी असते. ती दाब झेलते, ‘खडा आला’ म्हणून मेंदूला कळवते, आणि हिरडीशी बांधलेली असल्याने जंतूंना काही काळ अडवते. स्क्रूभोवती ही गादी नाही. हिरडीचे तंतू धातूत रुजत नाहीत, नुसते भोवती कवळ घालतात. त्यामुळे तिथे जंतू शिरले की वाट सरळ हाडाकडे. नसलेला दात दुखणार कसा? माणसाला कळतं तेव्हा पू येत असतो. ज्याचे दात हिरड्यांच्या आजाराने गेले त्याच्या स्क्रूंना हा धोका इतरांपेक्षा जास्त, हे दंतवैद्यकात आता सर्वमान्य आहे. कारखान्यात नवीन मशिन आलं की आधी फौंडेशन तपासतात. भेगाळलेल्या काँक्रीटमध्ये नवे बोल्ट ठोकून मशिन चालू केलं तर हादरे मशिनला बसतात आणि मेमो सुपरवायझरला मिळतो. जबड्याच्या बाबतीत मात्र हप्ते भरणाऱ्यालाच सांगतात, ‘आपने ध्यान नहीं रखा.’

माझ्या एका सहकाऱ्याला हे ऐकून घ्यावं लागलं. तो बिडीवाला, साखर कायम चढलेली. तीन दिवसांत वरचे-खालचे सगळे दात काढून स्क्रू बसवले. मुलीच्या लग्नात फोटो झकास आले. काही काळाने स्क्रू हलायला लागले तेव्हा दुसरा डॉक्टर विचारायचा, कुठल्या कंपनीचा, कुठला साइज? याच्याकडे उत्तर नाही. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि लॉट नंबर छापलेली चिकटपट्टी असते, ती काढून पेशंटच्या फाइलवर लावायची असते. सुईएवढ्या पिनेचा लॉट नंबर वर्षानुवर्षं जपणाऱ्या माणसाच्या जबड्यात बेनामी माल! झटपट दात सगळ्यांनाच वाईट ठरतात असं नाही, काहींना तोच मार्ग बरा असतो. पण तो कुणाला बरा हे ठरवायला आधी मोजावं लागतं.

सरकारकडे जावं तर तिथलं चित्र असं. मध्य प्रदेशातलं सरकारी दंत महाविद्यालय इंदुरात. जबलपुरात हितकारिणी सभेचं दंत महाविद्यालय आहे, ते खासगी. पण शिकाऊ डॉक्टरांकडून होणारी सफाई बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडते आणि मोजमापही होतं, कारण विद्यार्थ्यांना ते करून दाखवावंच लागतं. १९५६पर्यंत आमची राजधानी नागपूर होती, आणि दुखण्याखुपण्याला मराठी माणूस आजही तिकडेच धावतो. मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जबलपूर, शिवनीकडचे पेशंट दिसतात. पण दर तीन महिन्यांनी पावणेतीनशे किलोमीटर कोण जाणार? राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५मध्ये सुरू झाला, त्याने सरकारी दवाखान्यांत दातांची खुर्ची पोचवण्याचं ठरवलं. खुर्ची पोचली तरी किटण काढायला माणूस लागतो. बहुतेक आरोग्य विम्यांत अपघात सोडला तर दात बसत नाहीत. जाहिरातींचं म्हणाल तर दंत परिषदेच्या २०१४च्या आचारसंहितेने डॉक्टरांच्या जाहिरातबाजीवर बंधनं घातलीत. ती वाचून मग मदनमहल ते गोलबाजार चालून बघा.

नवा कायदा, नवी समिती वगैरे मी मागत नाही. एका पानाचा कागद मागतो. दात काढण्याआधी किंवा स्क्रू बसवण्याआधी तो भरलेला असावा, त्याची प्रत पेशंटला मिळावी, आणि इम्प्लांटच्या हप्त्यांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी तो पाहिल्याशिवाय पैसे सोडू नयेत. माझ्या ओळखीचे एक तरुण डॉक्टर यावर म्हणाले, ‘अंकलजी, पेशंट वाचत नाहीत, कागद घरी जाऊन रद्दीत पडतो.’ पडू दे. आमच्या तपासणीच्या चिठ्ठ्याही मशिनवरचा कारागीर कुठे वाचायचा? पुढच्या टेबलावरचा तपासनीस वाचायचा. चार वर्षांनी स्क्रू हलला तर पेशंट जाईल त्या दुसऱ्या डॉक्टरला हा कागद लागणार आहे. आणि आपलं लिहिलेलं दुसरा तपासनीस वाचणार हे माहीत असलं की पहिल्याचा हातही जरा जपून चालतो.

निवृत्त कर्मचाऱ्यांच्या बैठकीत वाटायला मी हा कागद हिंदीत टाइप करून घेतलाय. वर वय, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, तंबाखू हो की नाही. मधे दातांच्या चौकटी, प्रत्येकीत सहा आकडे. खाली उपचारानंतरचे आकडे, आणि तळाला लॉट नंबरची चिकटपट्टी लावायला रिकामी जागा. दोन दवाखान्यांनी तो वापरून बघतो म्हटलंय. त्यातल्या एका डॉक्टरांनी विचारलं, गर्दीच्या वेळी सहाऐवजी दातामागे सर्वांत खोल असेल तो एकच आकडा लिहिला तर चालेल का? बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीच्या चाळणीला चालेल, पण कुठल्या दाताला रक्त आलं ते लिहायलाच हवं, आणि स्क्रू बसवायचा असेल तर सहाच्या सहा. तेवढी दुरुस्ती करून कागद पुन्हा टाइपिंगला दिलाय.